अकराच्या पुढे दोन रेघा

"होडी, कंदील, तुळस. हे तीन शब्द लक्षात ठेवा काका, नंतर विचारीन," डॉक्टर तेजस्विनी म्हणाल्या आणि त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "आता एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

"साडेदहाची वेळ दिली होतीत. अकरा वाजत आले," सुदर्शनराव म्हणाले. "आठवण माझीच तपासायचीय ना?"

शेजारी बसलेल्या विमलाबाईंना हसू आलं नाही. गेल्या आठवड्यात यांनी दुधाची पिशवी चपलांच्या कपाटात ठेवली. परवा तर बायकोला 'अक्का' म्हणून हाक मारली. आणि अक्का, त्यांची बहीण, जाऊन नऊ वर्षं झाली होती. पदराआड विमलाबाईंचं बोटांच्या पेरांवर रामनाम चाललं होतं.

सुदर्शनरावांनी गोल काढला. आकडे जागच्या जागी आले. अकरा-बाराच्या मध्ये बारीक रेघा ओढल्या, एक काटा काढला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"झालं?"

"झालं."

एकच काटा! नाम पेरावरच अडलं. डॉक्टर काहीतरी लिहून घेत होत्या.

आणि एकदम विमलाबाईंना आठवलं. "अहो, हात द्या इकडे!" म्हणत त्यांनी नवऱ्याची बाही वर सारली. "हे बघा डॉक्टर. आमचा ऋषी बोटीवर असतो, त्यानं हे घड्याळ आणलंय. याला काटाच एक आहे हो!"

गडद निळी तबकडी, जहाजावरच्या उपकरणासारख्या बारीक पांढऱ्या रेघा, त्यावर लांब, टोकदार एकुलता काटा. एकेक रेघ पाच मिनिटांची. कागदावरचा काटाही अकराच्या पुढे बरोबर दुसऱ्या रेघेवर होता.

"मला वाटलं, मिनिटकाटा विसरलात," डॉक्टर हसल्या.

"समुद्रावर मिनिटं कोण विचारतंय, म्हणतो आमचा मुलगा. एक काटा कमी, आणि किंमत दसपट!" सुदर्शनराव म्हणाले.

आता विमलाबाईंनाही हसू फुटलं. देवा, पावलास.

"बरं, ते तीन शब्द सांगा."

"होडी. कंदील..."

सुदर्शनराव थांबले. विमलाबाईंनी ओठ घट्ट मिटले. शब्द जिभेवर आला होता, पण सांगून काय मिळवायचं? त्यांनी नजर घड्याळाकडे वळवली. त्या काट्याकडे कितीही बघितलं तरी तो हलताना दिसत नव्हता.

"नाही येत," ते हळूच म्हणाले.

"दोन आले ना! एवढ्यावरून काही ठरत नाही. रक्त तपासू, महिन्यानं या."

घरी परतताना येरवड्याच्या पुलावर रिक्षा सिग्नलला थांबली.

"अगं, सकाळी पाणी घातलंस का?" सुदर्शनरावांनी विचारलं.

विमलाबाई त्यांच्याकडे वळल्या. "कुणाला हो?"

ते नदीकडे बघत राहिले. सिग्नल सुटला.

"तिला गं. आपल्या गॅलरीतल्या..."

"घातलं," त्या म्हणाल्या, आणि तो तिसरा शब्द त्यांच्याकडून यायची घरापर्यंत वाट बघत राहिल्या.