विंगेतला आवाज

डायनिंग टेबलावर अकरा डिस्क होत्या. सहा गाण्यांच्या, दोन कुठल्याशा जुन्या प्रिंटरसोबत आलेल्या, दोन कोऱ्या आणि एकीवर मार्करने लिहिलेलं: 'मंडळ, नाटक, गणपती २००८'. अकराही कधी नव्हत्या इतक्या स्वच्छ होत्या, आणि उजेडात तिरप्या धरल्या की अकरांवरही गोल गोल ओरखडे दिसत होते.

"समई घासायला घेतलीच होती," अलका म्हणाली. "पावडर उरली. म्हटलं, यांच्यावरही डाग पडलेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या की नाटक लावू."

"आई, पितळेच्या पावडरीने? तेही गोल गोल?"

"मग समई काय चौकोनी घासतात?"

लेकीने, उत्तराने, हसू आवरलं. त्या नाटकात तिचे बाबा, श्यामकांत, कुठेच दिसत नव्हते. ते प्रॉम्प्टर, विंगेत पुस्तक धरून बसलेले. कॅमेरा नेमका त्याच विंगेशी उभा होता, म्हणून सगळ्यांच्या संवादांखाली त्यांची कुजबुज ऐकू येई. एकदाच ते मोठ्याने बोलले होते, अलका आपलं वाक्य विसरली तेव्हा. गेल्या मार्चमध्ये ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. दहा महिने बाबा पाटीवर लिहून बोलत होते. त्यांच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग घरात नव्हतं.

बाबांनी पाटी वर केली. 'माझा आवाज मी ऐकलाय. पुरे.'

"तुम्ही ऐकलाय," अलका म्हणाली. "मी विसरत चाललेय."

पाटी खाली गेली.

उत्तराने नोएडाच्या ऑफिसातून डिस्क वाचायचा ड्राइव्ह आणला होता, सोमवारी परत करायच्या बोलीवर. तपासणी लावली. न वाचता येणारे भाग: २३१०. चूक कुठे झाली ते तिला दिसत होतं. डिस्कवरची नोंद गोल गोलच फिरत जाते. तिला आडवा ओरखडा गेला तर यंत्र तेवढं सांभाळून घेतं. तिच्याच वाटेने गेलेला ओरखडा लांबच्या लांब भाग गिळतो.

आधी तिने एका गाण्याच्या डिस्कवर प्रयोग केला. पांढरी टूथपेस्ट, बाबांच्या जुन्या बनियनचा तुकडा, आणि बोट मधून कडेकडे, सरळ रेषेत. नळाखाली धुऊन, टिपून, पुन्हा तपासणी. आकडा उतरला. मग नाटकाची डिस्क. पहिल्या हाताला ९४०, दुसऱ्याला ६१०, तिसऱ्यालाही ६१०. आणि त्यातले बहुतेक एक्केचाळिसाव्या मिनिटात.

"तिथेच मी विसरले होते," अलका म्हणाली.

पाटी: 'हिचं पाठांतर कधीच नव्हतं.'

"पाठ होतं हो! समोर तुमचे सेक्रेटरी बसले होते, म्हणून!"

बाबांनी पुसून पुन्हा लिहिलं. 'खोबरेल तेल?'

"चलो, आता डिस्कच्या डोक्याला लावा," अलका म्हणाली.

उत्तरा मात्र थांबली. ओरखड्यात हवा असते, म्हणून किरण भलतीकडे वळतो. तेल प्लास्टिकच्या बरंच जवळचं. खाच भरली तर किरण जवळपास सरळ जाईल. "बाबा, बिल्कुल बरोबर."

गाझियाबादच्या थंडीत बाटलीतलं तेल दगड झालं होतं. अलकाने ती गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केली आणि वितळेपर्यंत शेजारून हलली नाही. उत्तराने दोन थेंब पसरून कोरड्या कापडाने वरवरचे टिपून घेतले. आकडा: ३८. तिने सगळी नोंद लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि एक्केचाळिसावं मिनिट लावलं.

पडद्यावर हिरव्या साडीतली तरुण अलका हात चोळत उभी होती. सभागृहात कुणीतरी खोकलं. मग डावीकडून, अगदी जवळून:

"पत्र आलंय, पण मी ते अजून उघडलेलं नाही."

अलका गप्पच. पुन्हा, जरा चिडून: "पत्र आलंय, पण मी ते अजून उघडलेलं नाही." आणि मग पुस्तकात नसलेलं: "अगं अलके, पत्र!"

टेबलापाशी बसलेल्या अलकाने श्यामकांतांच्या हातातली पाटी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि तो हात धरला. "पुन्हा लाव," ती म्हणाली.

उत्तराने पुन्हा लावलं, आणि वहीत लिहिलं: ४१:०६ ते ४१:४९, सलग. बाबांचे शब्द एकोणीस.