पाठमोऱ्या माणसाचं वाक्य

"इथं तो बोलतच नाही," पडद्यावरच्या नटाकडे बोट दाखवत खर्ज म्हणाला.

"पाठमोरा आहे ना? मग बोलेल," डबिंग करून घेणाऱ्या बाई काचेपलीकडून म्हणाल्या.

बाईंचंही खरं होतं. नटाचे ओठ दिसत असले की डबिंगवाल्याला शब्द मापून घालावे लागतात. पाठ दिसली की रान मोकळं. खर्जानं आजवर कितीतरी पाठी बोलत्या केल्या होत्या. खर्ज हे त्याचं स्टुडिओतलं नाव, आवाजावरून पडलेलं. पडद्यावरच्या किडकिडीत घोडेस्वारालाही त्या आवाजानं हत्तीचं बळ यायचं. घरी मात्र हा माणूस बारीक आवाजात बोलायचा, आणि तेही नाइलाजानं.

आजचा सिनेमा सुडाचा होता. बायकामुलांच्या खुन्याला शोधत घोडेस्वार अख्खं वाळवंट पालथं घालतो. शेवटी सापडतो तो अंथरुणाला खिळलेला म्हातारा. घोडेस्वार कमरेचं पिस्तूल सोडतो, म्हाताऱ्याच्या दाराला टांगतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. बाईंना तिथं हवं होतं, 'जा, माफ केलं तुला.'

"पिस्तूल म्हणजे त्याच्या मनातला द्वेष. तो त्यानं उतरवून ठेवला," बाईंनी समजावलं.

"उतरवायचाच होता तर वाटेत कुठंही फेकला असता. दारात टांगलाय, म्हाताऱ्यानं मरेपर्यंत रोज बघावं म्हणून. गोळी घातली असती तर सुटला असता तो."

बाईंनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाल्या, प्रेक्षकाला हलकं होऊन घरी जायचं असतं. खर्ज पडला हुकमाचा ताबेदार. त्यानं मान डोलावली आणि माइकसमोर उभा राहिला.

त्याचं डोकं सकाळपासूनच ठिकाणावर नव्हतं. धाकट्या भावाच्या बायकोचा फोन आला होता. भाऊ आता थोड्याच दिवसांचा सोबती होता. "भाऊजी, एकदा येऊन माफ केलं म्हणा, त्यांचा जीव अडकलाय," ती म्हणाली होती. खर्जाची एकुलती एक लेक काकाच्या मोटारसायकलवर मागं बसून गेली, ती परत आलीच नाही. काका प्यालेला होता. तेव्हापासून खर्जानं भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. खर्जाच्या बायकोनं फोन ऐकून एवढंच सांगितलं, जायचं तर जा, आल्यावर मला काही सांगू नका.

वाक्य काही केल्या जमेना. कोरडं ठणठणीत यायचं. शेवटी त्यानं जुनी युक्ती केली: छाती सैल सोडली, 'माफ'च्या आधी अर्धा श्वास अडवला, आणि 'तुला' हवेत विरू दिलं. काचेपलीकडं बाईंनी डोळे टिपले. खर्जाला स्वतःचीच किळस आली.

संध्याकाळी तो भावाकडे गेला. भावजय दार लोटून घेऊन बाहेर थांबली. आत कॉटवर हाडं तेवढी उरली होती. खर्ज कडेला बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "माफ केलं तुला." अर्धा श्वास, सैल छाती, सगळं जागच्या जागी.

भाऊ किंचित हसला. "दादा, हा सिनेमातला आवाज आहे."

खर्जाला भावाचा राग होता, पहिल्या दिवशी होता तेवढाच; पण या सापळ्यावर तो काढायचा तरी कसा, हे त्याला कळेना. काढायचा नाही तर न्यायचा कुठं, तेही कळेना.

"राहू दे," भाऊ म्हणाला. "मी तरी माफी कुठं मागितली? ती मागतेय. मला मागायला तोंड नाही."

बाहेर भांड्याचा आवाज झाला आणि भावजयीनं दार किलकिलं केलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"झालं ना बोलणं?" तिनं विचारलं.

भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"झालं," दोघंही एकदमच म्हणाले.