डॉक्टर गोड बोलले तेव्हा

मी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं, म्हणजे आयुष्यभर ओरडलो. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादा ब्रेक ठेवायचा, आणि अहो तो विजेचा खांब आहे, तुमचा जावई नाही, गळाभेट कसली घेताय, असं दिवसभर चालायचं. पण ज्याला गाडी नक्की येणार अशी माझी खात्री असायची, त्याच्यावरच मी घसा फोडायचो. ज्याला सात जन्मांत येणार नाही असं दिसायचं, त्याच्याशी मी अगदी गोडीगुलाबीने बोलायचो. चालणं तब्येतीला किती चांगलं असतं ते समजावून सांगायचो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, म्हातारा चळलाय.

तर झालं असं, की मला लघवीतून रक्त जायला लागलं. मी काही दिवस लपवलं, मग आमच्या हिने पकडलं आणि जवळजवळ कानाला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. मूत्राशयात गाठ निघाली. गाठ कॅन्सरची दिसतेय, दुर्बीण घालून खरवडून काढावी लागेल, असं सर्जन म्हणाले. म्हणाले कसले, खेकसले. इतके दिवस झोपा काढत होतात का, विड्या फुंकताना बरी मजा वाटली, आता रविवारी भरती व्हायचं, सोमवारी उपाशीपोटी राहायचं, पाण्याचा घोट जरी घेतलात तर टेबलावरून खाली ढकलून देईन. बाहेर आल्यावर आमची ही नुसती लाल झाली होती. माझ्या सासरेबुवांनीसुद्धा मला कधी एकेरीत हाक मारलेली तिला चालली नव्हती, आणि हा कालचा डॉक्टर नवऱ्याला बोलतो म्हणजे काय! दुसरा दवाखाना बघू म्हणाली. मी म्हटलं, अगं, हा माणूस माझ्याच पंथातला आहे. हा ओरडतोय म्हणजे मी वाचणार.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते. दवाखान्याच्या इतक्या वाऱ्या झालेल्या, की सगळे त्यांना 'अनुभवी' म्हणायचे. कुठल्या सिस्टरचा हात हलका, कुठल्या पंख्याखाली झोपायचं नाही, सगळं त्यांना पाठ. त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी जवळ बोलावून सांगितलं, "डॉक्टर शिव्या घालतायत तोवर निर्धास्त राहायचं. ज्या दिवशी गोड बोलतील, त्या दिवशी घरच्यांना बोलावून घ्यायचं." कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांना म्हणे डॉक्टरांनी एकदा प्रेमाने विचारलं, आज कसं वाटतंय, आणि दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. आजोबा घरी गेले की वर गेले, हे अनुभवींनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आणि नेमकी त्याच सोमवारी दवाखान्यात पाहणी समिती आली. सरकारी दवाखान्यांत ऑपरेशनं नीट होतात का, कॅन्सरच्या पेशंटला माणसासारखं वागवतात का, ते तपासायला. अधीक्षकांनी म्हणे सकाळी सर्जनसाहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. हाताला तुमच्या तोड नाही, आज फक्त तेवढी जीभ सांभाळा. हे मला नंतर कळलं. ज्याच्या पोटात दुर्बीण जाणार त्याला आधी कोण कशाला सांगतंय!

मला टेबलावर घेतलं, कमरेत इंजेक्शन दिलं. कमरेखालचं अंग गेलं, पण डोकं जागं, तोंड जागं, कान तर जरा जास्तच जागे. छातीशी एक हिरवा पडदा बांधला. भिंतीला लागून मास्क लावलेल्या एक बाई वही घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं, शिकाऊ असतील. तेवढ्यात डॉक्टर आत आले, माझ्या उशाशी वाकले आणि म्हणाले, "नमस्कार काका. कसे आहात? काही काळजी करायची नाही हं."

माझ्या पोटात धस्स झालं. पोट बधिर होतं, तरी झालं.

मग ते सिस्टरकडे वळले आणि म्हणाले, जरा दुर्बीण देता का, प्लीज. सिस्टर जागच्या जागी थिजल्या. त्या बिचारीने इतक्या वर्षांत 'आण इकडे ती, झोपलीस का' याशिवाय काही ऐकलं नव्हतं. प्लीज म्हटल्यावर नक्की काय द्यायचं तेच तिला सुचेना. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी घाबरून माझं मशीन तपासलं, मग मला चिमटा काढून तपासलं. दाराशी उभे असलेले वॉर्डबॉय मामा तर डोळे पुसायला लागले. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी मनात म्हटलं, झालं. सगळ्यांना कळलंय. आत काय पसरलंय ते सगळ्यांनी आधीच्या फोटोंत पाहिलंय, आणि मला कोणी सांगत नाहीये.

मग मी निरवानिरव सुरू केली. वहीवाल्या बाईंना हाक मारली आणि म्हटलं, लिहून घ्या. आमच्या हिला सांगा, गॅसचं बटण घट्ट झालंय, ते उलट्या बाजूने दाबून फिरवायचं. माझी स्कूटर मेहुण्याला द्या, मेल्याचा वर्षानुवर्षं तिच्यावर डोळा आहे. पण सांगा त्याला, उतारावर गाडी बंद करून सोडायची नाही. बाईही इमानदार, भराभर लिहीत होत्या. डॉक्टर पडद्याआडून हळुवार आवाजात म्हणाले, "काका, आपण जरा शांत पडून राहाल का?"

'आपण' ऐकलं आणि माझा उरलासुरला धीर सुटला. मला घरी मरायचंय, असं ओरडून मी दोन्ही कोपरांवर जोर देऊन उठायला लागलो.

"अरे गाढवा, पड खाली! दुर्बीण आत आहे, हललास तर पिशवीला भोक पडेल. मरायची एवढी घाई असेल तर बाहेर जाऊन मर, माझ्या टेबलावर नाही!"

मी धाडकन आडवा झालो. काय सांगू तुम्हाला, देव भेटल्यासारखं वाटलं. सिस्टरचे हात सटासट चालायला लागले. डॉक्टरीणबाई मास्कच्या आत गुणगुणायला लागल्या. डॉक्टर सिस्टरला बोलले, मामांना बोलले, दिव्याला बोलले, माझ्या विड्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि त्या दणक्यात गाठ बाहेर आली. ती किती खोल गेली होती ते मात्र तुकडा तपासल्यावरच कळणार होतं.

संध्याकाळी वहीवाल्या बाई वॉर्डात आल्या, तेव्हा मला कळलं की त्या समितीतल्या. डॉक्टर तुम्हाला अपशब्द बोलले का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. तेव्हा तुम्हाला काय वाटलं? म्हटलं, जीवात जीव आला. त्यांना वाटलं भूल अजून उतरली नाही, म्हणून त्यांनी तोच प्रश्न सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारला. मीही तेच उत्तर एकेक शब्द सुटा करून दिलं. तेवढ्यात मेहुणा हेल्मेट घेऊनच भेटायला आला. निरोप पोचला होता. स्कूटर गेली ती गेलीच.

तपासणीचा रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो तोवर दवाखान्याचा नूरच पालटला होता. समितीने ऑपरेशनं उत्तम म्हणून शेरा दिला होता आणि बोलण्याबद्दल साहेबांना शिबिराला धाडलं होतं. भिंतीवर पाटी होती: 'हसतमुखाने बोला.' केसपेपरच्या खिडकीवरचा माणूससुद्धा हसत होता, आणि त्याला ते मुळीच शोभत नव्हतं.

डॉक्टर उठून उभे राहिले. या काका, बसा. काकू, तुम्हीही बसा. पाणी घेणार? आमच्या हिने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

"रिपोर्ट चांगला आहे काका. गाठ वरवरचीच होती." आणि गोड हसले.

कोण विश्वास ठेवणार? मीसुद्धा कितीजणांना म्हटलंय, छान चालवता हो तुम्ही. मी म्हटलं, डॉक्टर, खरं काय ते सांगा, माझी तयारी आहे. ते म्हणाले, खरंच सांगतोय काका, आणखीच हळू आवाजात. हिच्या डोळ्यांना धार लागली. मला राहवलं नाही.

"मग एक शिवी द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं. उठले, दार उघडून बाहेर डोकावले, परत लावलं आणि आतून कडी घातली. मग माझ्या कानाशी वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "वाचलास, गाढवा. पण तीन महिन्यांनी परत दुर्बीण घालायला आला नाहीस तर घरी येऊन कानफटात देईन. आणि खिशात विड्यांचं बंडल आहे ते इथे टेबलावर काढ, बैला."

मी बंडल काढून ठेवलं. पुढचं काही दिसेना, डोळे भरून आले होते. आणि आमची ही, जिने उभ्या जन्मात मला कोणी अरे-तुरे केलेलं खपवून घेतलं नाही, ती पदराने नाक पुसत पुढे सरकली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "परत एकदा म्हणा."