बारा कार्नेशन

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. तिकडे विलायतेत, हॅरोच्या स्टेशनासमोर फुलांचं एक छोटं दुकान आहे असं समजा. दारात पाण्याच्या बादल्या, बादल्यांत कार्नेशन, आणि काउंटरमागे शाळेच्या गणवेशातच स्टुलावर चढून बसलेली नऊ वर्षांची ईशिता. दुकान तिच्या आईचं. दिसलं? मग आता दारातून पांढऱ्या भुवयांच्या एका उंच आजोबांना आत येऊ द्या. हे रशियाचे मोठे मुत्सद्दी, वालेंतिन आजोबा. मराठी मात्र तुमच्याआमच्याहून शुद्ध बोलतात.

दर शनिवारी ते ट्रेनने यायचे आणि ईशिताला अर्धा तास मराठी वाचायला शिकवायचे. आज शुक्रवार होता, आणि त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं.

"लाल कार्नेशन दे. मोजून बारा."

"बारा? आजोबा, तुम्हीच मला ती गोष्ट सांगितला होता ना, रशियात ईव्हन नंबरची फुलं फक्त मेलेल्या माणसाला देतात?"

"सांगितली होती," त्यांनी सवयीने दुरुस्त केलं. "म्हणूनच बारा. आज माझ्या नोकरीचा शेवटचा दिवस. सहा वाजता वकिलातीत निरोपाचा चहा आहे. तिथे सगळ्यांदेखत हा गुच्छ मी आमच्या नव्या राजदूताच्या हातात देणार. इंग्रज पाहुणे टाळ्या वाजवतील. आमची माणसं फुलं मोजतील."

"पण त्यांनी तुमचं काय केलं?"

आजोबा बादलीशेजारच्या खुर्चीवर बसले. "चोवीस वर्षांचा असताना मी मुंबईला नोकरीवर आलो. दादरच्या यमुनाबाई मला मराठी शिकवायच्या. 'ळ' नीट म्हटल्याशिवाय चहा द्यायच्या नाहीत. पुढे पुष्कळ वर्षांनी मी पुन्हा मुंबईत आलो, मोठा अधिकारी होऊन. हा आमचा नवा राजदूत, ग्लेब, तेव्हा माझ्या हाताखाली होता. पत्र कसं लिहावं, कुणाला आधी नमस्कार करावा, सगळं मी शिकवलं त्याला. आणि एके सकाळी कळलं, बाई गेल्या."

"मग?"

"वरिष्ठांच्या परवानगीची वाट न बघता धावलो. त्यांच्या पायाशी बारा फुलं ठेवली. ग्लेबने वर कळवलं, साहेबांचे परक्या लोकांशी चोरटे संबंध आहेत. फुलं किती होती तेसुद्धा लिहिलं! माझ्या दुःखाची चहाडी केली त्याने. त्या वर्षी मी राजदूत होणार होतो. झालो नाही. कधीच झालो नाही. तो मात्र झाला."

ईशिताच्या मुठी आवळल्या. तिने एकेक फूल निवडून काढलं. दहा, अकरा, बारा.

इतक्यात आजोबांचा फोन वाजला. रशियनमध्ये दोनचार वाक्यं झाली. त्यांचा आवाज आधी कडक होता, मग कसा कोण जाणे, मऊ पडला.

"ग्लेबच होता," ते म्हणाले. "पाऊस आहे म्हणून स्वतःची गाडी पाठवतोय. पूर्वी माझी बॅग उचलायचा ना, अगदी त्याच आवाजात बोलला." त्यांनी बादलीकडे बोट केलं. "जाऊ दे, पोरी. एक वाढव. तेरा कर."

"पण आजोबा, त्यांनी चीटिंग केली!"

"केली. पण इतकी वर्षं गिळलं, आजचा एक दिवस आणखी."

ईशिताने तेरावं फूल त्यांच्यासमोर गुच्छात खोचलं. आजोबांनी नजरेनेच फुलं मोजली, मान हलवली आणि पाठ फिरवून कोट चढवायला लागले. एक बाही काही केल्या सापडेना. सगळ्या जगाशी ताठ बोललेला माणूस, पण त्या कोटात तिला केवढासा दिसला.

यमुनाबाईंना ईशिताने कधी पाहिलं नव्हतं. पण तिला 'ळ' म्हणायला शिकवणाऱ्या आजोबांना तो 'ळ' त्यांनीच शिकवला होता.

तिने वाकून बादलीतून आणखी एक, चौदावं फूल उचललं, पटकन दिसणार नाही असं मधोमध खुपसलं आणि रिबिनीची गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"घ्या, आजोबा," ती म्हणाली. "गाडी आली बघा."