दीपस्तंभाला बावीस शर्ट

थोरलीने बोट ओलं करून इस्त्रीच्या बुडाला टेकवलं, चर्र झालं, तशी तिने गठ्ठ्यातला वरचा पांढरा शर्ट टेबलावर पसरला. तो धाकटीचा होता. उद्या सकाळी नऊला तोच घालून धाकटी नोकरीवर रुजू होणार होती.

"आज वाचणार आहेस का?" थोरलीने मान वर न करता विचारलं.

धाकटी हातात सात पानं घेऊन दारात उभी होती. ती नेहमीच्या बाकावर येऊन बसली.

"वाचते, ताई. शेवटचं."

दोघी जावा-जावा. घर एकच, चुली मात्र दोन, आणि म्हणूनच दोघींचं बरं चाललं होतं. खालच्या पुढच्या खोलीत थोरली एकोणीस वर्षं गल्लीचे कपडे इस्त्री करत होती. वर धाकटी वर्षभर घरी बसून लिहीत होती. पोटापाण्यासाठी फ्रिजबरोबर येणाऱ्या पुस्तिका, दवाखान्याची पत्रकं, एखाद्या साहेबाचं निरोपाचं भाषण. सकाळचे दोन तास मात्र स्वतःच्या कथेचे, त्यात फ्रिजला शिरकाव नव्हता. नवऱ्याशी ठरलं होतं, की वर्षात एक तरी कथा मासिकाने घ्यावी, नाहीतर पुन्हा नोकरी. पाच कथा गेल्या, पाचही सुखरूप घरी परत आल्या. आज वर्ष संपत होतं, आणि उद्यापासून नऊ ते सहा एका कंपनीच्या नळांची वर्णनं लिहायची होती.

सल्ल्यांना तोटा नव्हता. पहाटे उठा, रोज पाचशे शब्द लिहा, विशेषणं काढा. ती उठली, तिने लिहिले, तिने काढली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकच युक्ती तिची तिला सापडली होती. लिहिलेलं मोठ्याने वाचावं, आणि ज्याचे हात कामात आहेत अशा माणसाला वाचून दाखवावं. रिकामा बसलेला माणूस भिडेखातर माना डोलावतो. हातांना ती भीड नसते.

थोरली कधी चांगलं म्हणाली नाही की वाईट. संपलं की "झालं का?" एवढंच विचारायची. पण तिला कंटाळा आला की इस्त्री भराभर पळायची आणि वाक्य जमलं की रेंगाळायची. धाकटीचे डोळे कागदावर असत आणि कान इस्त्रीवर; इस्त्री पळाली की ती त्या ओळीवर पेन्सिलने खूण करायची. दीपस्तंभाची कथा वाचली तेव्हा इस्त्री घोड्यासारखी उधळली होती. धाकटीने कानाडोळा केला आणि कथा पाठवून दिली. संपादकांनी ती एका ओळीसह परत केली. 'दीपस्तंभ तुम्ही पाहिला आहे का?'

पाहिला कुठला, धाकटीने समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. दोन दिवस ती संपादकांवर चिडली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःवर. चौथ्या दिवशी, आपण काय काय पाहिलंय याचा हिशोब करत ती याच बाकावर बसली असताना तिची नजर सर्वांत वरच्या फळीवर गेली.

तिथे एक गठोडं होतं. आत चार शर्ट, एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचे. गृहस्थ वारले त्याला सहा वर्षं झाली, कपडे न्यायला कोणी आलं नाही. दर दोन-तीन महिन्यांनी थोरली ते गठोडं खाली काढायची, चारही शर्टांना पुन्हा इस्त्री करायची, पुन्हा बांधून वर ठेवायची. कशाला, असं विचारलं तर म्हणायची, घड्या पिवळ्या पडतात.

धाकटी वाचू लागली. पहिली दोन पानं इस्त्री नेहमीच्या चालीने फिरत होती. तिसऱ्या पानावर ती सावकाश झाली. धाकटीने पेन्सिल उचलली नाही.

"'ते गृहस्थ आता येणार नाहीत, हे बाईला ठाऊक होतं,'" ती वाचत होती. "'बाजारात एकदा तिला त्यांची मुलगी भेटली. दोघी भाजीच्या भावावर बोलल्या, पावसापाण्यावर बोलल्या. शर्टांचा विषय मात्र बाईने काढला नाही. काढला असता, तर मुलगी ते घेऊन गेली असती. आणि इतक्या वर्षांत घडी हातात घेऊन, तिच्यावरून बोट फिरवून, छान झालंय, असं म्हणणारं ते एकच गिऱ्हाईक होतं.'"

इस्त्रीचा आवाज थांबला होता. मग वास आला.

"ताई, जळतंय."

थोरलीने इस्त्री उचलून उभी ठेवली. शर्टाच्या छातीवर अख्ख्या इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"ती मुलगी मला भेटली होती, हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मीच रचलं."

थोरलीने वरच्या फळीकडे पाहिलं, पदराने नाक पुसलं आणि इस्त्रीची वायर काढून टाकली.

"पुढे वाच."

धाकटीला शर्टाचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिला इतका आनंद झाला, की पुढच्या ओळीची अक्षरं डोळ्यांपुढे हलायला लागली आणि तिला एकदा थांबून पाणी प्यावं लागलं. उरलेली चार पानं तिने वाचली तेव्हा खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता.

वासाने धाकटीचा नवरा खाली आला. त्याने शर्ट पाहिला, मग वहिनीकडे पाहिलं. तिच्या हातून कधी रुमालसुद्धा करपला नव्हता.

"आता उद्या काय घालून जाणार?" त्याने बायकोला विचारलं.

"उद्या मी जात नाही."

"मासिकाचं पत्र आलं?"

"नाही. अजून पाठवायचीच आहे."

तो काही बोलणार होता, तेवढ्यात थोरली म्हणाली, "भाऊजी, त्या दीपस्तंभाच्या गोष्टीला माझे बावीस शर्ट उरकले होते. आज एक घेतला, तो हा असा."

तो त्या डागावरून बराच वेळ अंगठा फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, की बायकोचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, तेव्हा पाकिटावर पत्ता तो स्वतः लिहील, आणि कंपनीला काय कळवायचं ते मात्र तिचं तिने पाहावं. पाकीट शोधायला तो वर गेला.

धाकटीही उठली. थोरलीने हात पुढे केला, म्हणून तिने पानं तिच्या हातात दिली. थोरलीने ती टेबलावर ठेवून कडेला कड जुळवली, वरच्या पानावरून हलकेच बोट फिरवलं आणि परत दिली.

"छान झालंय," ती म्हणाली.