ओळंब्याची दोरी

डेलमार होवलँडने पिस्तूल टेबलावर जवळजवळ आपटलंच.

"घे, बघ बाबा. शनिवारी पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या. क्लबातले सगळे म्हातारे हसले मला. दुर्बीण तरी ढिली आहे, नाहीतर तिची बैठक तरी."

गेलन ट्वेटने हाताचं ग्रीस पुसलं, पिस्तूल मधल्या बिजागरीवर दुमडून उघडलं आणि नळी रिकामी असल्याची खात्री करून घेतली. एका वेळी एकच गोळी घेणारं, हातभर नळीचं ते पिस्तूल डेलमारने वसंतात घेतलं होतं. खांद्याचा सांधा बदलल्यापासून डॉक्टरांनी रायफल बंद केली होती. मग टेबलाशी बसून, वाळूच्या पिशव्यांवर पिस्तूल टेकवून, तीनशे यार्डांवरचं लक्ष्य टिपायचं हा त्याचा नवा नाद. डेलमार हा गेलनच्या बायकोचा, आर्डिसचा थोरला भाऊ. चाळीस वर्षं दोघं बरोबरीने नेम धरत आले होते, आणि त्यात डेलमार नेहमी दोन बोटं पुढे असायचा.

"तू स्वतः बसवलीस दुर्बीण?"

"मग काय पाद्रीबुवांकडून बसवून घेऊ?"

"तरीच."

"बहीण दिली तुला, आता पिस्तूलही देतोय. जरा मान ठेवून बोल."

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. गेलनच्या शेडमागे गव्हाचं कापलेलं रान पार टेकाडापर्यंत पिवळंधमक पसरलं होतं. मोंटानात क्वचितच मिळते अशी, वारा पूर्ण पडलेली दुपार. गेलनने जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. बिघाड शोधायचा तर सगळं सुटं करायचं आणि खालून वर यायचं, ही त्याची रीत. त्याने दुर्बीण उतरवली, तिच्याखालची बैठक काढली. सहापैकी एका स्क्रूला तेल लागलेलं होतं.

"सापडला चोर," तो म्हणाला. "तेलकट स्क्रू धक्क्याने सुटत जातो."

"मी म्हटलंच होतं!" डेलमारचा चेहरा असा उजळला, की एवढ्याशा तेलाचं त्याला इतकं सुख का व्हावं, हे गेलनला कळेना.

त्याने स्क्रू स्पिरिटने धुतले, सुकवले, चिकटद्रवाचा थेंब थेंब लावला आणि एक इकडचा एक तिकडचा असे समान ताणाने आवळले. मग डेलमारला शेडमागच्या टेबलाशी बसवलं. पुढच्या पिशवीवर नळीखालचं लाकूड, मागच्या पिशवीवर मूठ. पिस्तुलाची दुर्बीण डोळ्यापासून चांगली लांब ठेवायची असते, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. डेलमार रोजच्यासारखा बसला आणि गेलन दुर्बीण तिला धरणाऱ्या कड्यांमधून पुढे-मागे सरकवत राहिला.

"पूर्ण गोल दिसतोय?"

"दिसतोय."

"कडेला काळं?"

"नाही रे. सोड आता."

राहिली होती ती दुर्बिणीतली फुली. तिची उभी रेघ सरळ नसली, तर लांबच्या पल्ल्यावर गोळी बाजूला सरकते. गेलनने पन्नास पावलांवरच्या खांबाच्या आडव्या दांडीला ओळंबा टांगला आणि परत आला.

"उभी रेघ दोरीवर बसव, मग मी कडी आवळतो."

डेलमारने बराच वेळ डोळा लावला. "आधी तुझी दोरी सरळ कर."

"ओळंबा आहे तो. त्याला पृथ्वी सरळ करते."

"मग पृथ्वीला सांग. मधेच डावीकडे वाकलीय."

गेलन हसला. तरी पन्नास पावलं चालत गेला. दोरी कशात अडकली नव्हती, तिच्यावर काडीही नव्हती. परत येऊन त्याने स्वतः दुर्बिणीतून पाहिलं. दोरी सरळ, आणि तिच्या शेजारी काळी रेघही सरळ.

"पुन्हा बघ. आतली रेघ कशी दिसते?"

"तीही तिथेच वाकलीय," डेलमार म्हणाला. आणि मग घाईने, "म्हणजे दुर्बीणच गेली कामातून."

 गेलनला त्याची आई आठवली. शेवटच्या वर्षांत ती म्हणायची, या घराच्या दारांच्या चौकटी कुणी वाकवल्या? वडिलांनी दोनदा गुण्या लावून चौकटी तपासल्या होत्या. डॉक्टरकडे नेईपर्यंत तिच्या नजरेचा मधलाच भाग गेला होता. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही.

त्याने स्वतःच्या डोळ्याने रेघ जुळवून कडी आवळली. तरीही उगाच आरोप नको, म्हणून तो स्वतः टेबलाशी बसला. पिस्तूल उघडून रिकाम्या नळीतून शंभर यार्डांवरचा कागद बघितला, फुली तिथे आणली, कानांवर झाकणं चढवली. तीन गोळ्या दुर्बीण जुळवण्यात गेल्या. पुढच्या पाच एका काडेपेटीखाली झाकल्या गेल्या असत्या.

"झालं की नीट!" डेलमार म्हणाला. पण आवाजात आनंद नव्हता.

मग तो बसला. चाप त्याने नेहमीसारखाच हळुवार दाबला, हातही हलला नाही. पाच गोळ्या झाडून त्याने मान वर केली.

"कशा गेल्या?"

लक्ष्य बघायची मोठी दुर्बीण त्याच्या कोपराशीच होती. तिच्यात न बघता त्याने विचारलं. गेलनने बघितलं. भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरली होती.

"डेलमार, डावा डोळा झाक आणि माझ्याकडे बघ."

"शाळामास्तर झालास का?"

"झाक."

"नाही झाकत!" तो ताडकन उठला, वाळूची पिशवी खाली पडली. "माझं पिस्तूल दुरुस्त करायला सांगितलं होतं. मला नाही."

"जूनमध्ये बसच्या आरशाने लिंडग्रेनची रस्त्याकडेची टपालपेटी उडवलीस. तू म्हणालास, ऊन डोळ्यांवर आलं. सकाळी, पश्चिमेकडे जाताना?"

 एकतीस वर्षं डेलमार शाळेची बस चालवत होता. चौदा मुलं, एका बाजूला चाळीस मैलांची वाट, त्यातली निम्मी कच्ची. सोमवारी शाळा उघडणार होती.

"कधीपासून?" गेलनने विचारलं.

"एप्रिल. बिलिंग्जला, डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवलं होतं. उजवा बराच गेलाय. डावीकडेही सुरू होतंय म्हणाले. डोळ्यात औषधाच्या सुया टोचतात, दर महिन्याला. मी पुन्हा गेलोच नाही." तो खाली बसला. "रस्ता मला पाठ आहे, गेलन. प्रत्येक खड्डा."

"खड्डा पाठ असतो. रस्त्यात आलेलं पोर पाठ नसतं."

"जानेवारीत वैद्यकीय तपासणी आहेच. तेव्हा कामावरून काढतीलच की. तेवढे चार महिने दे मला." त्याने वर पाहिलं नाही. "बायको गेल्यापासून सकाळी उठायला दुसरं कारण नाही माझ्याकडे. सहा वाजता इंजिन गरम करतो तेव्हा माणूस असल्यासारखं वाटतं."

 या माणसाने गेलनच्या लग्नात अंगठी सांभाळली होती, त्याचं शेड बांधताना बोट गमावलं होतं.

"शनिवारी रात्रीपर्यंत तू शाळेत कळव," गेलन अखेर म्हणाला. "नाहीतर मला कळवावं लागेल."

डेलमार उठला. पिस्तूल त्याने तिथेच सोडलं. पिकअपपाशी पोचल्यावर वळून म्हणाला, "तुझ्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. देव करो, पुन्हा दिसूही नये."

शनिवार गेला. रविवारी चर्चमध्ये डेलमार दिसला नाही. आर्डिसने दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. दुपारी ती केक आणि कॉफी पुढ्यात घेऊन बसली, पण तिने काटा हातात धरला नाही.

"जा, सांगून ये शाळेच्या बाईंना," ती म्हणाली. "मी गेले असते, पण मला जमायचं नाही. माझा भाऊ आहे तो."

गेलन मुख्याध्यापिकेच्या घरी गेला आणि दारातच उभ्या उभ्या सगळं सांगून आला. सोमवारी बस दुसऱ्याच माणसाने चालवली. दुकानात लोक गेलनशी जपून बोलू लागले. कुणी म्हणालं, बरं केलंस, आणि कुणी काहीच म्हणालं नाही. डेलमारने सबंध हिवाळा त्याच्याशी एक शब्दही बोलला नाही. आर्डिस तेवढी त्याला दर महिन्याला बिलिंग्जला सुया टोचून घ्यायला नेत राहिली.

मार्चमध्ये नेमका सुईच्या दिवशी आर्डिसला ताप आला. गेलन पिकअप घेऊन डेलमारच्या दाराशी गेला. डेलमारने गाडी ओळखली, थबकला आणि तरी बसला. शंभर मैल दोघांपैकी कुणी बोललं नाही. रस्त्याच्या कडेला बर्फ वितळून काळं झालं होतं.

परतताना डेलमारच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. एका हॉटेलापाशी गेलनने न विचारताच गाडी थांबवली. आत बसल्यावर वाढणाऱ्या बाईने दोघांपुढे पदार्थांची यादी ठेवली. डेलमारने ती जवळ धरली, लांब धरली, मग टेबलावर पालथी टाकली.

"तू केलंस ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला.

"नको म्हणूस."

"पहिल्या सोमवारी सकाळी मी खिडकीशी उभा होतो. बस माझ्या घरावरून गेली. तो नवा पोरगा वळणावर फार जोरात घेतो गाडी."

"हं."

"त्याला सांग कुणीतरी. ब्रेक मागच्या उजव्या चाकाला उशिरा लागतो." त्याने चष्मा काढून रुमालाने पुसला, जरी त्यात पुसायला काही नव्हतं.

गेलनने यादी उचलली. "सूप आहे, वाटाण्याचं. मीटलोफ. हॅम सँडविच. तळलेलं चिकन."

"चिकन वाईट असतं इथलं."

"मग पुढचं ऐक," गेलन म्हणाला, आणि यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचू लागला.