न फुगणारी पट्टी

हिमानीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत, बावीस मजल्यांचा टॉवर आणि त्यात चौदाव्या मजल्यावर तिचा फ्लॅट. होमाचा धूर घरात कोंडला तेव्हा गुरुजी म्हणाले, कुणीतरी जिन्याचं दार उघडून ठेवा. हिमानी आणि जावई अनीश पाटावर बसलेले, सासरची माणसं पानं मांडण्यात गुंतलेली. हिमानीचे वडील श्यामकांत तेवढे रिकामे होते. बायको कुंदा गेल्यापासून कुठल्याही कार्यात लोक त्यांना खुर्ची देत आणि काम काही सांगत नसत.

ते उठले, बाहेर जिन्याचा जड दरवाजा ओढला, खाली वीट सरकवली. आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. कडेच्या खाचेत काळी पट्टी बसवलेली होती. पट्टी त्यांच्याच कारखान्याची. बिजागरीच्या वर छोटं पांढरं लेबल होतं, त्यावर बॅच नंबर. त्यातले पहिले सहा आकडे म्हणजे तारीख, ही पद्धत श्यामकांतांनीच सुरू केलेली. त्यांनी चष्मा लावून वाचलं. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, चौदा तारीख.

आतून चार वर्षांची राजसी, त्यांची नात, आबा, प्रसाद घ्या म्हणून हाका मारत होती. हाका ऐकू येत होत्या, आणि ते तारीख परत परत वाचत होते.

श्यामकांत निवृत्त होईपर्यंत अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीचे ऑफिसर होते. तिथे ग्रॅफाइटचा माल व्हायचा. पेन्सिलीत जे काळं असतं ते ग्रॅफाइट, एवढंच लोकांना माहीत. बांधकामात ते कुठे कुठे जातं ते कुणाला दिसत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात त्याची पूड भरतात, म्हणजे वीज पडली तर नीट जमिनीत उतरते. गच्ची तापू नये म्हणून जो करडा थर्माकोल घालतात, तो करडा दिसतो तो ग्रॅफाइटमुळेच. आणि जिन्याच्या दारांना ही पट्टी. हिच्यातलं ग्रॅफाइट ॲसिडमध्ये मुरवलेलं असतं. एरवी ती वर्षानुवर्षं गप्प पडून राहते. आग लागली, ताप दोनशे अंशांच्या वर गेला, की पंधरा-वीस पट फुगते आणि दार-चौकटीतली फट गच्च बुजवते. धूर जिन्यात शिरत नाही. आगीत माणसं जाळाने कमी आणि धुराने जास्त मरतात, हे श्यामकांत नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी सांगायचे.

पण पट्टी बनवताना मशीनच जास्त तापलं तर ग्रॅफाइट तिथेच फुगून जातं. ते एकदाच फुगतं. मग पट्टी दिसायला तशीच काळी, वाकवली तर तशीच वाकणारी, पण आगीत तिचा काही उपयोग नाही. असं झालं की शेडमध्ये गंधकासारखा उग्र वास सुटतो.

चौदा तारखेला तो वास आला होता. श्यामकांतांना तो पक्का आठवत होता. त्याच दिवशी कुंदाला आयसीयूत हलवलं आणि पाचव्या दिवशी ती गेली. वासाची आठवण मध्येच कधी वर आली की ते स्वतःला सांगायचे, बॅच नंतर कुणीतरी बाजूला काढली असेल. आणि नसेल काढली, तरी हॉस्पिटलचा फोन आलेला, अशा वेळी माणूस सही करतो आणि पळतो. दोन वर्षं हे सांगणं पुरलं होतं. आता ती पट्टी राजसीच्या दारात होती.

तीन दिवसांनी, हिमानी आणि अनीश कामावर आणि राजसी बालवाडीत असताना, ते परत बेलवलीला गेले. वॉचमनला म्हणाले, मुलीकडे डबा राहिलाय. चौदाव्या मजल्यावर ते गुडघ्यांवर बसले आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यातून ब्लेडने चार बोटं पट्टी कापून काढली. लिफ्टचा आवाज आला की हात थांबायचा. साठीचा माणूस, चोरासारखा घामाघूम झालेला. मग जिन्याने उतरत त्यांनी प्रत्येक मजल्यावरचं लेबल वाचलं. वरच्याही मजल्यांवर जाऊन आले. नववा ते सोळावा, आठही मजल्यांवर तीच तारीख. अकराव्यावर जिन्यात चपलांचं कपाट होतं, दहाव्यावर लहान मुलाची तीनचाकी.

अंबरनाथला घरी येऊन त्यांनी गॅस पेटवला. टेबलाच्या खणात चांगल्या पट्टीचा एक जुना तुकडा होता. तो चिमट्यात धरून आधी जाळावर नेला. क्षणभर काही नाही, आणि मग तुकडा उकलला. काळ्या अळ्या बाहेर पडाव्यात तसा चारी बाजूंनी फुगत गेला, चिमट्याच्या बाहेर आला. एकदा असंच कुंदाला करून दाखवलं होतं. ती म्हणाली होती, अहो, ही तर दिवाळीची नागगोळी, याचा पगार देतात तुम्हाला?

मग बेलवलीचा तुकडा धरला. तो वितळला. थोडा तडतडला, कडेला जरासा सुजल्यासारखा झाला आणि थेंब थेंब बर्नरवर गळला. श्यामकांत गॅस बंद करायचा विसरले. चिमटा हाताला चटका देऊ लागला तेव्हा भानावर आले.

एक आशा अजून होती. नववा ते सोळावा म्हणजे बरीच पट्टी झाली, सगळीच खराब नसेल. सकाळची वाईट आणि दुपारची चांगली असेल. हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, नाथा. त्या दिवशी मशीनवर तोच होता. आता तो दुसऱ्या कंपनीत लागला होता आणि चिखलोलीत आपल्या वडिलोपार्जित जागेत राहत होता.

नाथाने ओट्यावर खुर्ची टाकली, चहा सांगितला, कुंदावहिनी गेल्यापासून साहेब वाळले म्हणाला. श्यामकांतांनी चौदा तारखेचं विचारलं.

"दोन वर्सांनी आठवन झाली साहेब?"

मग त्याने सांगितलं. हिटर अडकला होता. मीटर एकशे वीस दाखवत होता, आणि आत किती ते देव जाणे. पट्टी खरखरीत येत होती. वास सुटला तसा तो साहेबांना शोधत लॅबमध्ये गेला. साहेब गेटकडे धावले होते; तशा घाईत विचारवलं नाही, आणि बॅचचा पास कागद त्याच्याकडे आधीच आला होता. त्याने विचार केला, साहेबांनी पास केलंय तर आपण कोण शहाणे. दिवसभर तसंच चाललं. सगळा माल गेला.

श्यामकांत म्हणाले, फोन आला होता रे, घाईत सही झाली माझी.

नाथाने कप खाली ठेवला. "फोन अकराला आला साहेब. गेटवर तुमाला रिक्षा मीच थांबवून दिली. कागद माज्याकडं नऊला आलता. मशीन चालू पन नव्हती झाली तवा."

ते खरं होतं. रोज सकाळी चहाबरोबर ते दिवसभराच्या टेस्टच्या कागदांवर सह्या करून ठेवायचे. संध्याकाळी कागद मशीनवरून परत आले की लॅबमधली मुलं पट्टी जाळून आकडे भरायची. साहेब जेवायला गेले, मीटिंगला गेले, म्हणून माल अडायला नको. सगळेच ऑफिसर असं करत. सव्वीस वर्षांत त्याने कधी काही बिघडलं नव्हतं.

"आणि टेस्ट?" त्यांनी विचारलं.

"कोन करनार? लॅब सगळी संध्याकाळी हॉस्पिटलात आलती ना, तुमच्याकडं. कुनीतरी नेहमीचा आकडा टाकला. अठरा पट. आन वास तुमालापन आला साहेब. गेटकडं जाताना रुमाल लावलात नाकाला. मी बघितलं."

दोन वर्षं त्यांनी त्या दिवसाचा क्रम वेगळा लावला होता. आधी फोन, मग सही. कुंदाच्या आजारपणाला त्यांनी आपल्या सहीच्या पुढे उभं केलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. परत येताना रिक्षात ते पुढच्या दांडीवर डोकं टेकून बसले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि विचारलं, काका, उलटी होतेय का, बाजूला घेऊ?

शनिवारी ते उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गेले. तिथे भगवान नावाच्या सिंधी दुकानदाराकडे दारांचं सामान मिळायचं. कारखान्यापासूनची ओळख होती. श्यामकांतांनी चांगली पट्टी मागितली, एका दाराला पुरेल एवढी. मनात एवढंच ठरवलं होतं की चौदाव्या मजल्याची पट्टी गुपचूप बदलायची. पुढचं पुढे बघू.

भगवानने गुंडाळी उलगडली आणि हसला. "कितने माले का टावर है साईं?"

"बावीस."

"बावीस माले, और एक दरवाजा? धुआं क्या तुम्हारे घर का पत्ता पूछके आएगा?" बोलता बोलता त्याने पट्टी मोजून कापली. गंमत म्हणूनच बोलला होता तो. पण कागदात बांधलेली पट्टी हातात घेताना श्यामकांतांना अकराव्या मजल्यावरचं चपलांचं कपाट दिसलं, दहाव्यावरची तीनचाकी दिसली. नवव्या मजल्याला आग लागली तर जिना धुराने भरेल. मग चौदाव्याचं दार कितीही चांगलं असो, राजसी कुठून खाली उतरणार? तेवढंच नाही. तीनचाकीवालं पोर कुठून उतरणार?

तिथून ते सरळ बेलवलीला गेले. दुपार होती. अनीश राजसीला पोहायला घेऊन गेला होता, हिमानी एकटी होती. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वास, त्या दिवशीची सही, लेबल, गॅसवर वितळलेला तुकडा.

हिमानी एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसात होती; घाबरली तरी आधी प्रश्न विचारणारी. किती मजले, तिने विचारलं. नववा ते सोळावा. म्हणजे आम्ही मधोमध, ती म्हणाली आणि खाली बसली. जरा वेळाने उठून त्यांच्याजवळ आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, आईचं ते सगळं चालू होतं त्या दिवशी. कुणाच्याही हातून झालं असतं."

हे वाक्य त्यांनी दोन वर्षं स्वतःला ऐकवलं होतं. आता मुलीच्या तोंडून येत होतं. गप्प राहिलं असतं तर तो हात खांद्यावरच राहिला असता. हा हात गेला तर मागे कोण उरतं, हे त्यांना ठाऊक होतं. अंबरनाथच्या घरात दुसरं माणूस नव्हतं.

"हिमानी, फोन अकराला आला," ते म्हणाले. "सही नऊला केली होती मी. न बघता. रोज करायचो तशी."

हात खांद्यावरून निघाला. हिमानी खिडकीशी गेली, तिथेच पाठ करून उभी राहिली.

"मग यात आईला आणू नका," ती म्हणाली.

नंतर ती खूप वेळ फोनवर अनीशशी बोलली, आत जाऊन. बाहेर आली तेव्हा राजसीचे कपडे पिशवीत भरत होती. आज रात्रीपासून आम्ही अंबरनाथला, पट्ट्या बदलेपर्यंत, एवढंच म्हणाली. मग पिशवीकडे बघतच म्हणाली, सेक्रेटरीला पट्टी खराब आहे एवढंच कळवू. तुमचं नाव कशाला घ्यायचं? पोलिसात गेलं तर काय कराल या वयात?

या भीतीचा विचार श्यामकांतांनी रिक्षात केला होता. पोलीस, कोर्ट, पेपरात नाव. पण त्यांना कागदाची चाल माहीत होती. नाव न सांगता कळवलं तर सोसायटी कारखान्याला विचारेल, कारखाना कागद दाखवेल, आणि कागदावर अठरा पट लिहिलेलं आहे.

"त्या कागदावर माझी सही आहे," ते म्हणाले. "ती खोटी आहे हे मीच म्हणायला हवं. दुसऱ्या कुणाचं कोण ऐकणार?"

हिमानीने सेक्रेटरीचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. सेक्रेटरी समीर नावाचा तिसऱ्या मजल्यावरचा तरुण माणूस होता. पलीकडून मुलांचा गलका ऐकू येत होता. श्यामकांतांनी नाव सांगितलं, कारखान्यात काय होतो ते सांगितलं, आणि सही कशी केली ते सांगितलं. समीरने दोनदा परत विचारलं. मग तो म्हणाला, तिथेच थांबा काका, वर येतो.

तो आला तेव्हा घाबरलेला होता, चिडलेलाही. त्याने लेबलचा फोटो काढला, कापलेला कोपरा बघितला. म्हणाला, हे सगळं लेखी द्या, आज संध्याकाळीच कमिटी बोलावतो, जिन्यातलं सामान आत्ताच उचलायला लावतो. दारापर्यंत गेला आणि वळला.

"काका, एक सांगा. मशीन दिवसभर चाललं म्हणता. मग एका दिवसाचा माल आमच्या आठ मजल्यांपुरताच असतो का?"

"नाही," श्यामकांत म्हणाले.

"मग बाकीचा कुठे गेला?"

त्या महिन्यात कुठे कुठे माल गेला ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. कल्याणकडे एक हॉस्पिटल होतं. एक शाळा होती, ती कुठल्या गावची ते आठवेना. समीर दारात उभा होता, हिमानीही पिशवी तशीच धरून थांबली होती, आणि श्यामकांतांना पुढचं नाव सापडत नव्हतं.